कोऱ्या घडीचे जुने कागद

(धुळ्यात देवपूरमधल्या एका घराची पुढची खोली. दिवाळी तोंडावर आलेली. म्हातारी भिकुबाई आणि तिची सून ज्योती भेटवस्तूंना कागद लावत बसल्या आहेत.)

ज्योती : एकच द्या आई. एकच चुरगाळते.

भिकुबाई : हात तर लावून बघ.

ज्योती : अहो, पण परीक्षक आल्यावर कागद जुना दिसायला नको का?

भिकुबाई : जुनाच शे तो. दिसायला कशाला पाहिजे?

ज्योती : स्पर्धा कसली आहे? जुन्या कागदात दिवाळीची भेट. आणि तुमचे कागद कसे? आत्ता दुकानातून आणल्यासारखे. एक सुरकुती नाही.

भिकुबाई : पडूच द्यायची नसते. चिकटपट्टीखाली केसांचा आकडा घालून अलगद उचलायची. मग कागद गादीखाली घालायचा आणि वर आपण झोपायचं. तुझे सासरे म्हणायचे, ही बाई नवऱ्यापेक्षा कागदाला जास्त जपते.

ज्योती : मागच्या वर्षी चौधरींच्या सुनेचा पहिला नंबर कशाने आला? तिने कागद चहाच्या पाण्यात बुडवला, वाळवला, वरून दोन ठिकाणी फाडला. मंडळाच्या परीक्षक हिनाभाभी म्हणाल्या, याला म्हणतात निसर्गाशी नातं.

भिकुबाई : चहापत्तीशी म्हणावं.

ज्योती : हसा. पण यांनी काय सांगितलंय ते लक्षात आहे ना? नंबर आला तर तुमची कागदांची पेटी राहील. नाही आला तर भंगारवाला, आणि त्या जागी वॉशिंग मशीन.

भिकुबाई : भूषणला काय जातं सांगायला? सकाळी नरडाण्याला कंपनीत जातो, अंधार पडल्यावर येतो. तुमच्या लग्नातले बठ्ठे, एकूण एक कागद शेतस त्या पेटीत. आतल्या वस्तू कुठं शेतस, सांग बरं?

ज्योती : वस्तू काय, भिंतीवरची घड्याळंच होती सगळी. चोपड्याच्या पुनामामांचं तर खोक्यातच बंद पडलं होतं.

भिकुबाई : पण कागद बघ त्याचा. हा मोरपंखी, हाच तो. घड्याळ गेलं, मामा गेला, कागदाला अजून काही झालं नाही.

ज्योती : हेच तर दुखणं आहे! म्हणून मी काल गुपचूप बाजारातून एक आणला. हा बघा. चुरगाळला, चहात बुडवला, तव्याच्या बुडाला जरा घासला.

भिकुबाई : नवा आणला?

ज्योती : कोरा करकरीत.

भिकुबाई : माय वं! जुना दिसावा म्हणून नवा विकत आणला?

ज्योती : हळू बोला. भाभी आल्या.

हिना : जय जिनेंद्र ज्योतीताई! अक्का, पाया पडते. बसत नाही हं, अजून अख्खी गल्ली राहिलीय. आधी हा फ्लेक्स धरा दोघी, फोटो काढून घेऊ.

भिकुबाई : केवढा वं हा! काय लिहिलंय?

हिना : ‘कचरामुक्त दिवाळी’. खाली मंडळाच्या सगळ्यांचे फोटो. दरवर्षी नवीन करावा लागतो अक्का, खजिनदार बदलते ना.

भिकुबाई : मग मागच्या वर्षीचा?

हिना : मागच्या वर्षीचा... असेल कुठे तरी.

भिकुबाई : मला आणून द्यायचा. गच्चीवर वाळवणाखाली अंथरला असता. बठ्ठं मंडळ उन्हाला बसलं असतं.

ज्योती : आई! भाभी, या भेटवस्तू इथे मांडल्यात. बघता ना?

हिना : बघते. हा मोरपंखी... अहो ज्योतीताई, हा तर कोरा आहे. नियम वाचले नव्हते का?

भिकुबाई : कोरा नाही बाई. हिच्या लग्नातला शे.

हिना : लग्नातला कागद असा राहतो का अक्का? आमच्याकडे रात्री पाहुणे जेवून उठेपर्यंत चिंध्या झालेल्या असतात.

भिकुबाई : तुमच्याकडे होत असतील.

हिना : मी वाईट नाही म्हणत, पण मार्क कसे देऊ? बघणाऱ्याला पटायला पाहिजे. आणि हा... अरे वा! हा बघा कागद! किती हातांतून गेला असेल, किती दिवाळ्या पाहिल्या असतील याने! अक्का, खरं सांगा, कधीचा हा?

ज्योती : भाभी, चहा टाकते ना?

भिकुबाई : कालचा.

हिना : कालचा?

भिकुबाई : काल बाजारातून आणला. मग चहात बुडवला. विचारा हिला.

हिना : अय्यो, अक्का! ज्योतीताई, घरात एवढी गंमत असून तुम्ही मंडळात गप्प कशा बसता हो?

भिकुबाई : गंमत नाही करत बाई. मोरपंखी जुना शे आणि हा नवा.

हिना : बस बस, पोट दुखायला लागलं माझं. या कागदाला पहिला नंबर, माझ्याकडून पक्का! आणि हे घ्या अक्का, मंडळाकडून, घरातल्या ज्येष्ठ म्हणून.

भिकुबाई : चमकतो बाई कागद. नवा का?

हिना : एकदम. सुरतहून गठ्ठाच मागवला यंदा. उघडा ना.

भिकुबाई : ज्योती, तुझ्या डोक्यातला आकडा दे.

हिना : अहो, आकडा कशाला? फाडा! फाडतानाचा फोटो पाहिजे मला, आनंद दिसला पाहिजे.

भिकुबाई : न फाडता होत नाही का आनंद?

हिना : होतो, पण फोटोत दिसत नाही.

भिकुबाई : मग जाऊ द्या फोटो. थांबा, ही एक बाजू सुटली.

हिना : मला पुढच्या घरी जायचंय अक्का.

भिकुबाई : जा ना मग. मी सावकाश सोडते.

हिना : बरं, येते. ज्योतीताई, बक्षीस घ्यायला छान साडी नेसून या!

ज्योती : गेल्या एकदाच्या. जीवच गेला होता माझा. सगळं सांगून टाकलंत की हो तुम्ही!

भिकुबाई : सांगितलं. ऐकलं कोणी?

ज्योती : काय निघालं आत?

भिकुबाई : कापडी पिशवी शे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलेली.

ज्योती : असू द्या. पेटी तर राहिली ना तुमची?

भिकुबाई : राहिली.

ज्योती : मग तोंड का असं?

भिकुबाई : मला वाटलं होतं, आज तरी कोणी म्हणेल, बाई, केवढं जपलंस. आजवर बठ्ठ्यांनी कंजूषच म्हटलं. आणि आज एवढं जपलेलं दिसलं, तर कोणाला खरंच वाटलं नाही.

ज्योती : ...यांना काय सांगू मग?

भिकुबाई : नंबर आला सांग. कोणत्या कागदाचा, ते तो विचारणार नाही.

ज्योती : बरं, हा चहातला आता काढते डब्यावरून. एरंडोलच्या सुंदरबाई आत्यांना हा डबा असल्या कागदात कसा द्यायचा? नावं ठेवतील. त्यांना चांगला नवा लावायला पाहिजे.

भिकुबाई : मोरपंखी लाव. एवढ्या मोठ्या परीक्षक कोरा म्हणून गेल्या त्याला.

ज्योती : तुमचा? चालेल तुम्हाला?

भिकुबाई : द्यायलाच तर ठेवला होता.

ज्योती : मग हा टाकते कचऱ्यात.

भिकुबाई : टाकतेस काय? कोणाच्या घरी एकदा तरी गेला का तो? आण इकडं.