इंजिन उडेपर्यंत

(मंगरूळपीरजवळचा भाजीचा मळा. बंगलोरहून आलेला, विमानाचं इंजिन बनवणारा इंजिनिअर रविकांत बहिणीशी बोलत आहे.)

शुभांगी: तू फक्त ‘उडालं’ म्हन, दादा. माय लगेच चपला घालते.

रविकांत: अन् उडालंच नाही त?

शुभांगी: तिले कोन सांगते? तिनं पोहरादेवीले नवस केला, रवीचं इंजिन उडेपर्यंत पायात चपला घालनार नाही. आता शुगर हाय तिले. अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हने, अनवानी मळ्यात गेली त पाय कापा लागन.

रविकांत: हळू बोल. आली पाह्य.

जिजाबाई: कवा आला रे? एवढा काहून वाळला?

रविकांत: आत्ताच आलो, माय. ह्या चपला घाल. आपलं इंजिन उडालं.

जिजाबाई: उडालं? थे पंखा फिरवते थे? बर्फातल्या शिपायांले रसद नेनाऱ्या इमानाचं?

रविकांत: हो, थेच.

जिजाबाई: मंग माया डोक्यावर हात ठेव अन् म्हन.

शुभांगी: माय, कायले त्याले...

जिजाबाई: तू चूप राह्य वं. म्हन, रवी.

रविकांत: नाही उडालं, माय.

जिजाबाई: बिघडलं का?

रविकांत: बिघडलं असतं त एवढं दुःख नव्हतं. जमिनीवर बांधून रात्रंदिवस चालवलं, पंखा मस्त फिरे. मंग वरून हुकूम आला, अजून ताकद पाह्यजे. ताकद वाढवली, त म्हने वजन झालं. वजन उतरवलं, त म्हने उशीर झाला, फौज कवरक थांबन? इमानाले बाहेरदेशचं इंजिन बसवलं. आमचं गोदामात झाकून ठेवलं.

जिजाबाई: अन् तुले?

रविकांत: मले त्याच बाहेरच्या इंजिनाचं तेलपानी पाहाले बसवलं.

जिजाबाई: म्हंजे आपलं लेकरू मारलं, अन् सवतीचं न्हाऊ घाल म्हनते.

रविकांत: तसंच समज. रोज सकाळी हात लावाची इच्छा होत नाही त्याले. पन लावतो. पोटासाठी.

शुभांगी: माय, तुया पायाकडं पाह्य. इंजिनच नाही, मंग नवस कायचा?

जिजाबाई: नवस देवीपाशी केला, साहेबांपाशी नाही.

रविकांत: थे कधीच उडनार नाही, माय. जिंदगीभर अनवानी फिरशीन का? सोड आता.

जिजाबाई: साहेबांनं सोडलं. तूबी सोडलं. आता मीबी सोडू?