पटाच्या माईकवर वारलू

जलालुद्दीन : पब्लिकले पाह्य ना, वारलूभाऊ. बैलाईच्या शर्यतीत, शंकरपटात, असा बोलणारा दुसरा नाई म्हन्तेत. "आला, आला, सिंदेवाहीचा जोड..." आन तू चूप. तेवढ्यात सारं मैदान उभं होऊन जाते. मोठा नखरा आहे म्हन्तेत तुहा.

वारलू : नखराच आहे. तू भोंगे वाढव.

जलालुद्दीन : मले नको शिकवू यार. माईक माहा, भोंगे माहे, कानाले हेडफोन लावून मीच बसतो. तू थांबते तवा तुह्या गळ्यातून सूं सूं आवाज येते. सकाळपासून बटन खाली करून मीच तो दाबून राह्यलो.

वारलू : हळू बोल. सुगंधा येऊन राह्यली.

सुगंधाबाई : काय हळू बोल? घ्या जी, भात आणला. फायनलच्या आधी दोन घास खाऊन घ्या.

वारलू : ठेव. मंग खातो.

सुगंधाबाई : मंग म्हणजे कवा? पोळ्यापासून तुमचं मंगच चालू आहे. भात नको, भाकर नको, नुसती पेज पायजे. विचारलं तं गळा धरून म्हणता दाढ दुखते. जलालभाऊ, तुमीच सांगा, दाढ गळ्यात असते का?

जलालुद्दीन : वैनी, आता मी काय सांगू...

वारलू : जलालभाई, चूप राय.

जलालुद्दीन : नाई राह्यवत. वैनी, याच्या गळ्यात गाठ आहे. घास उतरवला का श्वास अडते, दोन वाक्यं बोलला का अडते. मीच चंद्रपूरले नेलतो. डॉक्टर म्हणे, गाठ श्वासनळी दाबून राह्यली, लवकर काढा लागते. हा तिथून पळून आला.

सुगंधाबाई : म्हणून मफलर गुंडाळून झोपतेत हे. अन् मी येडी, रोज गोधडी वाढवून राह्यली.

वारलू : डॉक्टर म्हणे, आवाज... बसूबी शकते. आवाज गेला तं मले कोण ओळखीन? आज फायनलले आपली जोडी आहे, सुगंधा. आपला प्रवीण हाकून राह्यला. हा एक पट मीच सांगतो. मंग... पाहू.

सुगंधाबाई : आधी पाणी प्या. प्या, माह्यासमोर.

(वारलू घोट घेतो. ठसका लागतो. बराच वेळ श्वास परत येत नाही.)

सुगंधाबाई : बस झालं आता. आणा तो माईक इकडं.

वारलू : तुले... पटातलं... काय समजते?

सुगंधाबाई : त्या बैलाईले सरकीची ढेप कोण चारते? लाल्या पयले आळस करते अन् अर्ध्यात पेटते, हे तुमाले कोण सांगतलं?

जलालुद्दीन : वैनी, झेंडी पडली. बोला, बोला.

सुगंधाबाई : आयका हो मंडळी, मी प्रवीणची माय बोलून राह्यली. सुटली जोडी, सुटली. लाल्या मांगं आहे, राहू द्या, त्याची खोडच आहे ते. आता पाहा. आता पाहा बापा, पेटला, कान मांगं टाकले त्यानं. पलीकडचा जोड बरोबरीनं आहे, कासरा ढिला सोड रे पोरा, मायचं आयक, सोड, सोड, अस्सा, गेला, गेला, गेला, निशाण मांगं टाकून गेला माहा लेक!

जलालुद्दीन : जितला. वैनी, लोकं पागल झाले बाहेर. टोप्या उडवून राह्यले.

वारलू : मधात कुठी थांबलीच नाई सुगंधा.

सुगंधाबाई : अवो माय. दम लागला मले. छाती कशी धडधड करते.

वारलू : तुहा दम जाईन घडीभरात. माहा नाई जाये, सुगंधा. रातच्यानं उठून बसतो मी. लय भेव वाटते.

सुगंधाबाई : मलेबी वाटून राह्यलं. पण मी संगं हावो.

वारलू : जलालभाई, भोंगे मांगून उतरव. आधी गाडी काढ, चंद्रपूरले जाऊ.