रक्त थांबलं म्हंजे नेऊ

माहा जन्म एटापल्लीच्याही पुढं, रानातल्या गावातला. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळ्याले चांदाच म्हणत, अन् इंग्रज गेले हे आमच्या गावाले कळायलेच दोन-तीन पावसाळे लागले असतीन. आम्ही माडिया. घरात बा, माय, माही मोठी बहीण जैनी अन् मी, रुपी. थोडं धान पिके, बाकी सगळं रानाचं, मोहफुलं, चारोळी, कंदमुळं. मराठी मले येत नव्हती, ते मागून अहेरीले राहून शिकली, म्हणून अर्धी अशी येते अर्धी तशी येते, तुम्ही शाळेच्या बाई लिहून राह्यल्या तं भाषा सुधरून घ्या, पण जैनीचं जे आहे ते तसंच राहू द्या.

आता पहिले कुरमा सांगते, त्याच्याबिगर पुढचं समजणार नाई. आमच्याकडं गावाच्या बाहेर एक झोपडी राहाते, तिले कुरमा म्हणते. बाईले पाळी आली का ती घर सोडून तिथी जाते, अन् रक्त थांबलं म्हंजे नाल्यावर आंघोळ करून घरी येते. तोवर तिनं कोणाले शिवायचं नाई, गावातल्या वाटेनं चालायचं नाई, देवाकडं पाहायचं नाई. माणसानं तं तिची सावली पण नाई घ्यायची. मी हे वाईटच होतं असंही नाई सांगत बाई. कुरम्यात काम नसे, सासू नसे, बाया हसत, एकमेकीच्या उवा पाहात, ज्या गोष्टी घरी बोलता येत नाई त्या तिथी बोलत. पण झोपडी कशी, तं वाकून आत जावं लागे, वरून गळे, अन् भुईवरच निजायचं.

जैनी पहिल्यांदा कुरम्यात गेली तेव्हा लाजली लय, पण आंगानं चांगली होती, चारचौघींसारखी राहून आली. मंग दोन-तीन महिने तिले काही आलंच नाई. माय म्हणे, नवी पोरगी आहे, येईन. अन् धान कापणीवर आलं तेव्हा आली, अन् ती जी गेली ना बाई.

माही पाळी तेव्हा सुरू नव्हती झाली, म्हणून जेवण नेऊन द्यायचं काम माह्याकडं. आंबील अन् भात पानाच्या दोन्यात घ्यायचा, झोपडीसमोरच्या दगडावर ठेवायचा अन् मागं सरायचं, मंग ती बाहेर येऊन उचले. दोघी बहिणी अशा लांबून लांबून बोलो. ती विचारे, माह्या कोंबडीनं अंडे दिले का, मी म्हणो, दिले, बा खाऊन गेला, तं ती तिथूनच बाले शिव्या दे.

त्याच वेळेस आमची आत्या कुरम्यात होती. पुसे नाव तिचं, तोंडाची लय तिखट, अहेरीच्या बाजारात जाऊन जाऊन मराठी, तेलुगू सगळं थोडं थोडं बोले. आत्याचे चार-पाच दिवस झाले, ती आंघोळ करून घरी गेली. दुसऱ्या बाया आल्या अन् गेल्या. जैनी तिथीच. धान कापून झालं, भारे खळ्यावर आले, अन् आत्या पुन्हा कुरम्यात आली, तं जैनी तिथीच. आत्या म्हणे, काऊन व जैने, इथीच शेत करून राह्यली का काय, का घरजावई आणतं इथी. बाकीच्या बाया हसल्या. जैनीही हसली, पण बसल्या बसल्या, उठली नाई.

आत्याचं झालं, आत्या गेली. नव्या धानाचा सण आला, आमच्याकडं पंडुम म्हणते, गावात ढोल वाजला, भात शिजला. मी तिच्यासाठी नव्या तांदळाचा भात नेला तं तिनं दोनच घास खाल्ले. अन् मी पाह्यलं, ती भिंतीची माती खाऊन राह्यली होती. नखानं कुडाची माती काढे अन् तोंडात टाके, इतकी का भिंतीले हात जाईन एवढा खड्डा पडला होता. मी घरी येऊन मायले सांगितलं. माय म्हणे, माती तं पोटुशी बाई पण खाते, त्यानं काही होत नाई. पण सांगता सांगता तिचे हात थांबले, ते मी पाह्यलं.

मंग माय रोज जाऊन उभी राहे. जैनी, थांबलं का व. नाई थांबलं. चिंध्या किती भरल्या. भरल्या. एकदा मधात एक दिवस थांबलं, आम्ही कोण खूश झालो, मायनं तिले नाल्यावर नेलं, डोक्यावरून पाणी टाकलं, घरी आणलं, अन् संध्याकाळी स्वयपाक होऊन राह्यला तं पुन्हा सुरू झालं. जैनी आपणहून उठली अन् भिंत धरून धरून चालत गेली.

पुजाऱ्यानं देवाले कोंबडी दिली, रानातलं भूत लागलं म्हणे. अहेरीले सरकारी दवाखाना होता, तिथी नर्सबाई बसते हे गावाले ठाऊक होतं. बा म्हणे, नेतो ना, मी काऊन नाई नेणार, माही लेक आहे, रक्त थांबलं म्हंजे नेऊ. तसं तो गावात सगळ्याले सांगे. कोणी म्हणलं नाई का अरे, थांबलं तं मंग नेऊन काय करतं. कोणाच्या डोक्यातच नाई आलं ते. बंडीत पाळीची बाई बसवली तं बैलाले विटाळ होते, बंडीतून धान घरात येते त्याले होते. माणसानं खांदा द्यावा तं त्याले होते. अन् रक्त असताना ती गावच्या वाटेनं चालू शकत नव्हती, अन् चालायचं म्हटलं तरी तिच्या पायात जीव नव्हता. तिची नखं पांढरी झाली होती, ओठ भाताच्या पेजेसारखे. बोलता बोलता तिले धाप लागे.

आत्या तिसऱ्यांदा कुरम्यात आली. तिच्यासोबत गावातलीच सोमी नावाची नवी लग्न झालेली सून होती. आत्या वाकून आत गेली, अन् यावेळेस तिनं चेष्टा नाई केली. बाहेर आली अन् मायले म्हणे, वहिनी, लुगडं दे अन् एक बांबू दे. माय म्हणे, काहाले. आत्या म्हणे, मी तं कुरम्यातच आहो, सोमी पण कुरम्यातच आहे, आम्ही हिले शिवलो तं आम्हाले नवीन काय होणार आहे. आम्ही नेतो.

हे इतकं सोपं होतं बाई. अन् आत्याच्या तीन खेपा होईस्तोवर कोणाले सुचलं नाई.

बांबूले लुगड्याची झोळी केली, जैनीले त्यात टाकलं, एका बाजूनं आत्या अन् एका बाजूनं सोमी. दोघींचं आपलं आपलं रक्त चालू होतं. गावातून जायचं नाई म्हणून रानातून वळसा घेतला. मले पुढं पाठवलं, का वाटेत माणसं दिसले तं ओरडून सांग, कुरम्याच्या बाया येऊन राह्यल्या, बाजूले व्हा. मी ओरडत जाओ अन् माणसं रानात घुसत. एक बंडीवाला भेटला, त्यानं बैल आडरानात घातले अन् पाठ करून उभा राह्यला, आम्ही पुढं जाईस्तोवर वळून नाई पाह्यलं. आडवलं कोणी नाई, हात कोणी नाई लावला. बा मागून येत होता, लांबून, दोन शेतं मधात राहातीन इतक्या लांबून, आम्ही बसलो का तो पण बसे. माय घरीच राह्यली, तिच्यानं पाहावलं नसतं.

रातच्याले मधातल्या एका गावच्या कुरम्यात त्या राह्यल्या, मी बाहेर निजली. दुसऱ्या दिवशी दुपारी अहेरीले पोचलो. नर्सबाई नागपूरकडची होती, पांढरं लुगडं, कपाळ उघडं. तिनं जैनीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाह्यली अन् धावतच आत नेली. सुई दिली, औषध पाजलं, पाय उंचावर ठेवले. रक्त द्यायची सोय तिथी नव्हती, चांद्याले न्यायले मोटर नव्हती. नर्सबाई आत्याले म्हणे, अगं इतके दिवस काय करत होता तुम्ही, आधी का नाही आणलं. आत्या उभी होती, बांबूनं खांदा सोलला होता तिचा, ती म्हणे, बाई, थांबलं असतं तं आणलं असतं.

नर्सबाईनं तिच्याकडं पाह्यलं, अन् कापूस घेऊन तिचा खांदा पुसला.

दिवस मावळायच्या आधी जैनी गेली. नर्सबाईनं तिले पुसलं, धुतलं, स्वच्छ चादर टाकली अन् बाहेर येऊन बाले बोलावलं. बा दाराजवळ येऊन थांबला, विचारे, रक्त आहे का. ती म्हणे, नाही आता. तेव्हा बा आत गेला अन् तिच्या डोक्याले हात लावला.

त्याच्या पुढच्या वर्षी मले पाळी आली. मी कुरम्यात बसून रात अन् दिवस चिंधीकडंच पाहो, का माहं थांबते का नाई. माहं थांबलं. मंग लग्न झालं, नवरा जंगलखात्याच्या कामावर होता, त्याच्यासंग अहेरीले आली, अन् त्याच दवाखान्यात झाडायले लागली. तीच नर्सबाई. एक दिवस फरशी पुसता पुसता मी विचारलं, बाई, माह्या बहिणीले काय झालं होतं. तिनं हातातलं काम ठेवलं अन् मले समोर बसवलं.

म्हणे, रुपी, बाईच्या पोटात खाली एक पिशवी असते मुठीएवढी, अन् तिच्या दोन बाजूले दोन बीजकोश. पाळीचे जे चार-पाच दिवस, कोणाचे सात, त्यात पिशवीच्या आतला जुना लेप पडून जाते. मंग आतून नवा लेप चढायले लागते, भिंत सारवल्यासारखा, अन् तिकडं एका बीजकोशात एक बीज पिकत राहाते, त्या दिवसात आंगात हुशारी राहाते. मंग बीज सुटते. तेव्हा चिकट, ताणलं तं ताणणारं पांढरं पाणी जाते, एखादीची एक कूस दुखते, तो रोग नाई. बीज सुटलं का लेप पक्का होते, पोट राहालं तं बाळ बसायले पाहिजे म्हणून. त्या दिवसात छाती जड होते, चिडचिड होते, रडू येते. पोट नाई राहालं का लेप पडते, पुन्हा पाळी. कोणाचं चक्र लवकर फिरते, कोणाचं उशिरा.

पण नव्या पोरीचं, म्हणे, पहिले दोन-तीन वर्षं बीज दर खेपेले सुटतच नाई. बीज नाई सुटलं तं लेप पक्का होत नाई, कच्चाच चढत राहाते, अन् कच्चा लेप आज इकून पडते, उद्या तिकून पडते. लय पोरींचं आपोआप जागेवर येते. एखादीचं नाई येत, तिले औषध लागते. तुझ्या बहिणीले भूत नाही लागलं, तिनं काही वाईट केलं नाही. हे दोन शब्द मी गावात जाऊन मायले सांगितले. माय म्हणे, बरं झालं सांगितलं, अन् सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली.

तेव्हापासून मी सांगत आहो. कुरम्यात सांगितलं, मंग आश्रमशाळेत सयपाकाले लागली तं तुमच्या या पोरींच्या आयांले सांगितलं, आता पोरींले सांगते. पोरी फिदीफिदी हसतात, ओढणी तोंडात घालतात, हसू द्या, कान तं उघडे राहाते. नवी पोरगी असली अन् पाळी मागंपुढं झाली तं भ्यायचं नाई. पण सोबत आलेल्या बाया घरी गेल्या अन् तू राह्यली, आठ दिवस होऊनही राह्यली, का चिंधी घंट्याघंट्याले भरून राह्यली, का चक्कर येऊन राह्यली, तं थांबायची वाट पाहायची नाई, वाहात्या रक्तानं दवाखान्यात जायचं.

कुरमा काही मोडला नाई माह्याच्यानं. मी किती बोलली, लोक ऐकते अन् आपलं आपलं करते. आता सिमेंटचा बांधून दिला, आत दिवा लागते, दाराले कडी आहे. परवाच आमच्या शेजारच्या एका पोरीचं थांबत नव्हतं, नववीत आहे, तुमच्याच वर्गातली. तिच्यासोबतच्या बायांनीच गावात निरोप धाडला. तिचा बाप मोटरसायकल घेऊन कुरम्यापाशी आला, थोडा वेळ गाडी चालू ठेवून नुसता उभा राह्यला, मंग म्हणे, बस मागं. तसाच अहेरीले घेऊन गेला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, लोह्याच्या वेगळ्या दिल्या. परत आली तं बापानं तिले घरी नाई नेलं, कुरम्यापाशीच उतरवलं.

मी सकाळी जाऊन पाहून आली. आत बसली आहे, पण भात खाऊन राह्यली आहे, दोनदा मागून घेतला. देव तिले असंच राखो. एवढंच आहे बाई.