साठ शब्द, एक मिनिट

नाही नाही, बसा सुचेताताई, स्वल्प, थोडं बसा — तुमचं काही चुकलं नाही, पोरीला चष्माबिष्मा पण नको. काल मेट्रोत तिला स्टेशनचं नाव वाचता आलं नाही, तुम्ही घाबरलात, सरी, ठीक आहे. पण मला हे जूनपासून माहीत आहे. हो, प्रगतीपुस्तकात वाचनापुढं ‘साध्य’ लिहिलंय, मीच लिहिलंय — अक्षर माझंच आहे की. सांगते. तुम्ही नागपूरच्या, मी निपाणीची, या कानडी शहरात निदान आपल्या भाषेत तरी नीट सांगता येईल. असं असतं बघा — दर शनिवारी आम्हाला उद्दिष्टं भरून द्यायची, पाठ संपल्यावर मूल काय करू शकेल ते. मी सिद्धीसाठी वेगळं लिहिलं होतं — ‘सिद्धी वाचायला उभी राहताना घाबरणार नाही.’ एवढंच. कारण ती उभी राहिली की तिचे ओठच चिकटायचे, तुम्हाला माहीत आहे? नाही? घरी बडबड करते ना, मग कसं कळणार. तर आमच्या भाग्यलक्ष्मी मॅडम — तिसरी-चौथीचं सगळं त्याच बघतात — त्यांनी ते परत पाठवलं. म्हणाल्या, “मिस, भीती कशी मोजणार? मोजता येईल असं लिहा, आणि सगळ्या वर्गाला एकच.” मग लिहिलं — मिनिटाला साठ शब्द. सिद्धी बावीसवर थांबायची. बावीस! पण जूनमध्ये ती सातवर होती हो, सातवरून बावीस — त्याला रकानाच नाही.

मग तपासणीची तारीख आली. आता काय सांगू — मी तिला मधल्या सुट्टीत बसवायची. शिकवायला? हो, आधी शिकवायलाच, पण दिवस उरले चार — मग पाठ करून घेतला धडा. सगळा. ती हुशार आहे, ताई, दोन दिवसांत तोंडपाठ. तपासणीला आलेल्या पाहुण्यांसमोर उभी राहिली, एक मिनिट, सत्तर शब्द झाले. दोन पानं चिकटून उलटली, बोट भलत्याच चित्रावर, आणि ही बोलतेच आहे, बोलतेच आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर माझ्या टेबलापाशी आली, हळूच विचारलं — “मिस, आता मला वाचायला येतं ना?”

मी हो म्हणाले.

रडू नका. नाही, मी — मला तुम्हाला हे सांगायचं नव्हतं, मी फक्त घरी रोज थोडं वाचून घ्या एवढंच म्हणणार होते. मुख्याध्यापकांकडे जाता? जा की, हक्क आहे तुमचा — नको, थांबा, माझं नाव नका घेऊ. माझी शालन इथंच सहावीत आहे, शिक्षिकेची मुलगी म्हणून मिळालेली जागा, मी गेले की तीही जाणार. दुसरीकडे अर्ज केले नाहीत असं वाटतं तुम्हाला? तीन शाळांत गेले. तिथंही असलेच रकाने, आणि आमच्यासाठी वेगळे — किती मुलांचं ‘साध्य’ झालं, त्यावर पुढच्या वर्षी आम्हाला ठेवायचं की नाही ते ठरतं. बेचाळीस पोरं आहेत माझ्याकडे. सिद्धी एकटी नाही. बाकीच्यांच्या आया अजून आल्या नाहीत, एवढंच. उद्यापासून मधल्या सुट्टीत मी तिला पुन्हा पहिल्या अक्षरापासून — कुणाला न सांगता, वहीत न लिहिता — चालेल?

डोळे पुसा. मॅडम येतायत.

हो मॅडम, झालंच. यांना तेच सांगत होते, वाचन उत्तम आहे. इथं सही करा, ताई. इथं, ‘पालक समाधानी’च्या पुढं.