वाळ्याचा जोड

कुरु कुरु — असा आवाज यायचा, ताई. चंद्रावती, माझी पहिली लेक, पाय तोंडाशी न्यायची आणि पायातला वाळा चावायची. तिची आय चुलीपाशी हसायची — बघा, तुमची लेक चांदी खाते, मोठ्या घरची हाय. आता तुम्ही पुण्याहून तसलाच वाळा घेऊन येता नि सांगता, चांदी थोडी, शिसं फार. यंत्रात घालून बघितलंत, म्हणजे खोटं कसं असंल — नाय, मी खोटं नाय म्हणत.

दाखवा परत. व्हय, आमच्याच घरचा. ही कमळाची खूण, रोह्याच्या सोनाराकडून काढलेली. गडबला रस्त्यासाठी माळ खणला, तिथंच सापडला हा; तिथं आमची तान्ही पोरं पुरायचे, जाळत नाय आमच्यात लहानाला. हा माझ्या आज्याच्या थोरल्या भावाचा असंल, जवळ राणीचं नाणं मिळालं म्हणता ना. एकाच पायात होता? एकच असणार. एक मातीला द्यायचा, दुसरा घरात ठेवायचा, पुढच्या पोराला घालायला. मातीला तिचा वाटा मिळाला की ती दुसऱ्याकडं बघत नाय, अशी समजूत. — त्या पोराच्या हाडातपण शिसं? हाडात...

दुसरा कुठं हाय म्हणता? — पाणी घ्या ना, ताई, माठातलं हाय. — हरवला असंल कुठं. जुनी वस्तू ती. माझ्या भावाच्या पायात होता, भाऊ गेला. मग माझ्या पायात. चंद्रावती गेली, तिच्या पाठचा शिवा गेला, तरी म्हातारी माणसं म्हणायची, वाळा सोडू नका, त्याच्यामुळं गुणाजी वाचला. वाचलो खरा. मास्तर म्हणायचे, ह्याच्या डोक्यात दगड भरलाय. अक्षर टिकायचंच नाय — दुसरीतून काढला, गुरं दिली राखायला. शिसं डोक्यालापण धरतं का ओ? ... बरं. असू दे, नका सांगू.

पोर आजारी पडलं की वाळा जास्त जपायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. आता ही छकुलीच बघा, उष्टावणाला मीच घातला, तेव्हापासून दूध टाकते, पोट आवळून रडते. ही मालू, छकुलीची आय, माझी नातसून, दारात बसलीय ती, म्हणाली, आजा, काढू का. मी म्हटलं, आता तर बिलकूल नको गो, आता तर —

नाय. म्हणजे, तसा नाय तो, ताई. दुसरा असंल एखादा.

मालू, ऐकलंस ते सगळं आपल्यालाच लागू असंल असं नाय गो. ताई, सांगा ना तिला, थोड्या दिवसांत काय होत नाय म्हणून. तुम्ही खाली का बघता? — मालू, पोरीला माझ्याकडं दे, मी काढतो. असा ओढू नको, पाय सोलंल तिचा. दे गो इकडं. उन्हाची कुठं निघालीस तिला घेऊन? पेणची एसटी आत्ताच गेली, दुसरीला वेळ हाय... डोक्यावर पदर तरी घाल तिच्या. मालू — मालू, थांब गो —