शेजारची पेठ जिंकली त्याची गोष्ट

आमच्या टोळीला हसू नगा! महाराजांच्या राज्यात फौजदारसुद्धा आम्हाला टरकतो, असं आम्हीच गल्लीभर सांगत फिरायचो. एक दिवस आमचा म्होरक्या म्हादबा म्हणाला, "आता शेजारची पेठ आपली करायची. चला, तिथली तालीम फोडू."

गेलो की दहा जण काठ्या घेऊन! पण तालमीत मारुती. म्हणून पायताणं आणि काठ्या दारातच ठेवल्या. आधी मारुतीच्या पाया पडलो, मग सवयीनं म्हाताऱ्या वस्तादांच्या.

वस्ताद म्हणाले, "पाया पडलासा, म्हंजे माझं चेलं झालासा. आता वस्तादावर हात उचलणार व्हय रं?"

म्हादबा खाली बघून म्हणाला, "न्हाय जी."

"मग घ्या खोरी, आखाडा उकरा."

त्या पेठेत आमची टोळी अजून हाय की! रोज सकाळी माती उकरती, आणि म्होरक्या वस्तादांचं पाय चेपतो.