मागच्या खिडकीची फट

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे आणि एरवी उशिरा, पण आज वेळेवर आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आधी ताजी बातमी. आपल्या वायरमननं दुपारी स्वतः पाहून खात्रीनं सांगितलं आहे: काकांचं घर रिकामं आहे, हवेची गळती मोजायला दारात बसवलेला पंखा बंद आहे, तरी दाबाचा काटा हलतो आहे. सावकाश वर, सावकाश खाली.

आज निवृत्त होणाऱ्या काकांची ओळख मी काय करून द्यावी? इथल्या निम्म्या छतांत त्यांच्या हातचे उष्णतारोधक थर आहेत. ऊब आत राहावी, इंधन कमी जळावं, म्हणून फटी हुडकण्यात त्यांचा जन्म गेला. आणि स्वतःच्या घरी? दिव्याखाली अंधार! मागच्या खिडकीला बोटभर फट. आपले सुतार चिडवायचे, "काका, वारा पाळलाय का?"

"पाळलाय. चावत नाही."

मग आम्हाला निरोपाची भेट सुचली. काका लेकीकडे गेले असताना आम्ही त्यांचं घर पक्कं केलं. दुहेरी काचा, दारांना रबरी पट्ट्या. ती फटही पट्टी लावून बुजवली. हेतू चांगला होता, एवढं नमूद करतो.

परवा काका परतले, खिडकीशी गेले आणि म्हणाले, "अरे, ती तिची फट होती."

काकूंना शेवटी दम लागायचा. त्या तिथंच खुर्चीत बसून असायच्या. "मला कोंडू नका हं," असं वचन त्यांनी घेतलं होतं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

काकांनी पट्टीला हात घातला आणि थांबले. काचेवर आतून वाफ धरली होती. एकाच जागी, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. पुसली, पुन्हा धरली.

ओल असेल, असंच म्हणाल ना? मीही तेच म्हणालो. म्हणून तर पंखा आणला.

काका म्हणाले, "पट्टी काढली तर ती जाईल रे. ठेवली तर कोंडेल."

अध्यक्षांचे आणि आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. काकू, तुम्हीही.

काका आज चहाला थांबणार नाहीत. ते एकटेच घरी जाऊन पट्टी काढतील. मग काटा थांबेल, अशी वायरमनची अपेक्षा आहे. काकांची काय आहे, ते मी विचारलेलं नाही.